कुंचीचें अस्तर

चैत्र शुद्ध नवमीस दोन प्रहरीं राममंदिरांत कीर्तन रंगांत आलेलें असतें. मध्यान्हीची वेळ होतांच बुवा जन्माच्या आख्यानाशीं येऊन थांबतात, टाळमृदंगांचा गजर होतो, गुलाल आणि फुलें उधळलीं जातात आणि सजविलेल्या पाळण्याची दोरी हलूं लागते. त्या पाळण्यांत पुष्कळ ठिकाणीं मूर्ति नसते. एक नारळ असतो. नुसत्या नारळास कोणी बाळ म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या शेंडीवरून एक लहानशी कुंची घातली, कीं सभामंडपांतील आजोबांपासून त्यांच्या मांडीवरल्या नातवापर्यंत कोणाच्याहि मनांत शंका उरत नाहीं. धनुष्यबाण आणि मुकुट हीं रामरायाचीं चिन्हें पुढें यावयाचीं. जन्माच्या क्षणीं त्याची ओळख पटते ती कुंचीनें. महाराष्ट्रांत तान्हें मूल म्हटलें, कीं डोळ्यांपुढें येणारी आकृति हीच आहे.

अशा या वस्त्राचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला आढळत नाहीं. पगडीचे प्रकार नोंदले गेले, अंगरख्याच्या घेराची चर्चा झाली, पैठणीच्या पदरावर पुस्तकें निघालीं. कुंची घरांतल्या घरांत शिवली गेली, एका मुलाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेली आणि शेवटीं चिंधी होऊन संपली. तिची हकीकत शोधावयाची तर ती कांहीं कापडांत, कांहीं शब्दांत, कांहीं विधींत आणि कांहीं मृत्यूच्या नोंदींत शोधावी लागते.

प्रथम ती शिवतात कशी हें पाहूं. शहरांतील पुष्कळ तरुण मातांनीं कुंची बारशाच्या एका दिवसापुरतीच पाहिलेली असते. शिवलेली तर त्याहूनहि थोड्या जणींनीं. सुमारें पाऊण वार लांब आणि अर्धा वार रुंद असा कापडाचा सरळ तुकडा घ्यावयाचा आणि त्याच मापाचा दुसरा तुकडा अस्तरासाठीं. दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेकडेनें टीप मारावयाची, मात्र एका कडेला चार बोटें जागा उघडी ठेवावयाची. त्या फटींतून सर्व कापड उलटवून बाहेर काढलें, कीं शिवणी, गांठी आणि दोऱ्यांचीं टोंकें आंत जातात व दोन्ही अंगें स्वच्छ होतात. मग ती फट बारीक टांक्यांनीं तुरपून टाकावयाची. या दुहेरी झालेल्या आयताची वरची अरुंद कड मधोमध दुमडून तिचे दोन अर्धे एकमेकांस शिवले, कीं डोक्याची खोळ तयार होते. माथ्यावरून मागें गेलेल्या शिवणीच्या शेवटीं एक टोंक निघतें. कोणी तें आंत मुडपून टांचतात, कोणी त्यावर रेशमाचा गोंडा लावतात. मानेशीं बारीक चुण्या घेऊन दोन बंद लावले, म्हणजे कुंची झाली. उरलेलें कापड पाठीवरून पायांपर्यंत मोकळें उतरतें. मूल निजलें असेल तर तेंच त्याच्याभोंवतीं गुंडाळतां येतें.

या कृतींत कातरीस जवळजवळ कामच नाहीं. अंगरख्यास काख कापावी लागते, गळा कोरावा लागतो, बाही जोडावी लागते. एकदां कापलेलें तें कापड पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. कुंचीच्या दोन शिवणी उसवल्या तर कापडाचा सरळ तुकडा जसाच्या तसा हातीं परत येतो. ज्या घरांत वस्त्र म्हणजे वर्षाकांठीं मोजून घेण्याची चीज होती, त्या घरांतील बायकांनीं ही युक्ति बसविली आहे हें तिच्या प्रत्येक टांक्यावरून दिसतें. लहान मूल सहा महिन्यांत कोणत्याहि मापाबाहेर जातें. त्याच्यासाठीं कापड कापून ठेवणें ही चैन थोड्याच घरांना परवडणारी होती.

बाहेरचें कापड ऐपतीप्रमाणें असे. विजापूरच्या दक्षिणेस गुळेदगुड्ड येथें विणले जाणारे खण चोळीसाठीं महाराष्ट्रभर येत. गडद रंग, त्यावर बारीक नक्षी आणि दोन्ही बाजूंस कांठ असलेला तो खण कुंचीच्या मापास सहज पुरे. श्रीमंतांकडे मखमल किंवा किनखाप वापरीत. विरलेल्या पैठणीचा पदर तर कुंचीसाठींच राखून ठेवलेला असे. दृष्ट लागूं नये म्हणून कोठें काळी चंद्रकळाहि निवडीत. संक्रांतीच्या बोरन्हाणास काळें झबलें घालतात त्यांतलाच हा प्रकार. कडेनें जरीचा गोट लावीत. हें सर्व पाहणाऱ्यांसाठीं असे.

मुलासाठीं असे तें अस्तर, आणि तें नव्या कापडाचें कधीं नसे. त्यासाठीं मराठींत एक खास शब्द आहे: जुनेर. आजीचें किंवा आईचें नेसून नेसून मऊ झालेलें, शेंकडों वेळां धुतलेलें लुगडें म्हणजे जुनेर. नव्या कापडास खळ असते, तें अंगास घांसतें. जर म्हणजे तर धातूची तार. पदराची सुलट बाजू जितकी झळाळते तितकी त्याची उलट बाजू टोंचते. नुकत्या जन्मलेल्या मुलाच्या कातडीस तिचा स्पर्श होऊं नये म्हणून मध्यें जुनेर घालावयाचें. नवजात बालकास पहिलें वस्त्र जुनेंच घालावें, अशी रूढि महाराष्ट्रांत आहे. कोणी तिला शकुन म्हणतात. पण शकुनाच्या आंत ही साधी समजूत बसलेली आहे. शिवाय दोन कापडांमध्यें जी हवा अडकून राहते तीच ऊब धरते. एका जाड कापडापेक्षां दोन पातळ कापडें अधिक उबदार, हें बायकांना पदार्थविज्ञान शिकल्यावांचून ठाऊक होतें.

सुई आणि मूल यांचा संबंध या देशांत फार जुना आहे. मोहनजोदडो येथें तांब्याच्या व कांशाच्या सुया सांपडल्या, त्यावरून साडेचार हजार वर्षांपूर्वीं शिवण होत होतें हें उघड आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांत राका या पौर्णिमेच्या देवतेची प्रार्थना आहे. तिनें आपलें शिवण न तुटणाऱ्या सुईनें करावें आणि पराक्रमी पुत्र द्यावा, असें तेथें मागणें मागितलें आहे. पुढें आश्वलायनाच्या गृह्यसूत्रांत गर्भिणीच्या सीमंतोन्नयन संस्काराच्या वेळीं हीच ऋचा योजिली आहे. पोटांतील मूल म्हणजे कोणी तरी अंधारांत बसून घातलेलें शिवण आहे आणि तो दोरा मध्येंच तुटूं नये, ही भावना त्या काळींहि होती असें दिसतें.

दोरा तुटल्याचा पुरावाहि महाराष्ट्राच्या मातींतच मिळाला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें डॉ. हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं डेक्कन कॉलेजनें १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन केलें. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं तेथें वसाहत करणारे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपलीं मेलेलीं मुलें दूर नेऊन टाकीत नसत. मातीच्या दोन रांजणांची तोंडें एकमेकांस लावून त्यांत तें मूल ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीं पुरीत. अशाच एका मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या क्षारांमुळें त्या माळेंतील दोऱ्याचे कांहीं अंश न कुजतां टिकले. तपासणींत ते कापसाचे व रेशमाचे निघाले. महाराष्ट्रांत हातीं आलेल्या अत्यंत प्राचीन धाग्यांत त्याची गणना होते. कोणा राजाच्या वस्त्राचा धागा टिकला नाहीं. टिकला तो एका मेलेल्या मुलाच्या गळ्यांतला.

पुढील काळाची साक्ष शब्द देतात. सुई, दोरा, कातर, टांका हे आपल्याच भाषेच्या घरांतले शब्द. अस्तर, गज, जर, मखमल, किनखाप हे मुसलमानी अमदानींत फारशीच्या वाटेनें आले. गुंडीसाठीं जें काज करतात तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि इस्तरीहि त्यांचीच. म्हणजे शिंप्याच्या दुकानांत इतिहासाचे निरनिराळे थर एकावर एक घडी घालून ठेवलेले आहेत. कुंचीस काज नाहीं, गुंडी नाहीं. ती बंदांवर बांधली जाते. अस्तराचें नांव परकें असलें तरी दुहेरी कापड शिवण्याची विद्या परकी म्हणतां येत नाहीं. गोधडी आणि वाकळ शिवणारे हात तें काम पूर्वीपासून करीत होते.

शिवणें हा व्यवसाय पुरुषांचा होता. शिंप्यांची जात गांवोगांव होती आणि ज्यांच्या नांवावरून त्यांतील एक मोठा समाज स्वतःस नामदेव शिंपी म्हणवितो, ते संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकांत होऊन गेले. आपल्या धंद्याचीं हत्यारें त्यांनीं भक्तीच्या रूपकांत आणलीं आणि पंजाबांतील गुरुग्रंथसाहेबापर्यंत त्यांचीं पदें पोंचलीं. तेव्हां पुरुषाच्या सुईस वाणी मिळाली. घरांतल्या सुईस ती मिळाली नाहीं. चोळी, कुंची आणि गोधडी हीं बहुधा घरींच होत. दुपारीं मागचें आवरलें, कीं माजघराच्या उजेडाच्या बाजूस बसून बायका हें काम करीत. त्यास मजुरी नव्हती. म्हणून हिशेब नव्हता, आणि हिशेब नव्हता म्हणून दप्तरांत नोंदहि नाहीं.

पहिलटकरीण माहेरीं आली, म्हणजे हें शिवण विशेष जोरांत सुरू होई. झबलीं, टोपडीं, लंगोट, दुपटीं आणि कुंची असा बाळंतविडा तयार व्हावयाचा. कोठें कुंचीचा मान आजीकडे, कोठें आत्याकडे. मात्र या सर्व आनंदाच्या तयारींत एक गोष्ट कोणी मोठ्यानें बोलत नसे. कुंची घालून मुलास चारचौघांत आणावयाचें तें बाराव्या दिवशीं, बारशास. पाळण्यांत घालून त्याच्या कानांत नांव सांगावयाचें तेंहि त्याच दिवशीं. तोंपर्यंत त्यास नांव नसे. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवीत, शेगडीवर ओवा आणि वावडिंगाची धुरी देत, पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा करून जागरण करीत. ती देवता त्या रात्रीं येऊन कपाळावर आयुष्य लिहून जाते, अशी समजूत होती. शिवलेली कुंची तोंवर घडी करून पेटींत असे.

ही भीति पोकळ नव्हती. नाळ कापण्याचें हत्यार स्वच्छ नसलें, किंवा नाळेवर राख-माती लावली, तर धनुर्वाताचे जंतु मुलाच्या शरीरांत शिरतात. चांगलें अंगावर पिणारें मूल एकाएकीं दूध ओढीनासें होतें, जबडा आवळतो, अंग ताठतें. हीं लक्षणें बहुधा जन्मापासून सहाव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास दिसूं लागतात. सटवाईची रात्र आणि या रोगाचे दिवस हे असे जवळ जवळ येतात. आपल्या पूर्वजांना जंतु दिसले नव्हते. पण तिथि दिसली होती. १८८९ सालीं जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनीं धनुर्वाताचा जंतु वेगळा करून दाखविला, तेव्हां त्या रात्रीं येणाऱ्या पाहुणीचें खरें रूप कळलें.

बारशापर्यंत न पोंचलेल्या एका मुलाची हकीकत महाराष्ट्रानें विसरूं नये. १८६५ सालीं जन्मलेल्या यमुनेचा नवव्या वर्षीं गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह झाला व ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. बाराव्या दिवसास अजून दोन दिवस होते. वेळेवर योग्य वैद्यकीय साहाय्य मिळालें नाहीं म्हणून आपलें मूल गेलें, ही गोष्ट त्या मुलीच्या मनांत रुतून बसली. त्या काळच्या हजारों मातांनीं असें दुःख गिळून पुढच्या वेळेची तयारी केली असेल. आनंदीबाईंनीं १८८३ सालीं समुद्र ओलांडला, अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश घेतला आणि ११ मार्च १८८६ रोजीं एम्. डी. ही पदवी मिळविली. प्रबंधासाठीं त्यांनीं जो विषय निवडला तो हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच त्या पुण्यास वारल्या. त्यांच्या हातून एकाहि मराठी मुलाची नाळ स्वच्छ हत्यारानें कापली जाण्याचा योग आला नाहीं. परंतु बाळंतिणीच्या खोलींतील अंधाराकडे शास्त्राच्या दृष्टीनें पाहावयास एक मराठी स्त्री प्रथम निघाली ती त्या दहा दिवसांच्या मुलामुळें.

त्यानंतरहि पुष्कळ वर्षें परिस्थिति भयंकरच होती. मुंबई शहरांत १९२१ सालीं जन्मास आलेल्या दर हजार मुलांमागें सहाशेंहून अधिक मुलें वर्षाच्या आंत दगावल्याची नोंद आहे. अनेक गिरणी-कामगार स्त्रिया बाळंतपणास गांवीं जात व मूल घेऊन शहरांत परत येत. त्यामुळें शहराच्या नोंदवहींत जन्म कमी व मृत्यु अधिक दिसत, हें लक्षांत घेतलें पाहिजे. तरी तेवढी सूट देऊनहि जो आंकडा उरतो तो काळीज थरारविणारा आहे. एका खोलीच्या चाळींत, दमट भिंतींआड, गिरणीच्या भोंग्यावर आई निघून गेल्यावर जीं मुलें मागें राहत, त्यांना कुंचीची ऊब पुरण्यासारखी नव्हती. वस्त्र थंडी अडवितें. घाण पाणी, गर्दी आणि उपासमार अडवीत नाहीं.

याच काळांत शिवणाचें स्वरूप बदलत होतें. अमेरिकेंत १८४६ सालीं एलियास होव यांनीं आणि १८५१ सालीं आयझॅक सिंगर यांनीं शिवणयंत्राचीं पेटंटें घेतलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकांत सिंगरचें यंत्र हिंदुस्थानांत येऊन स्थिरावूं लागलें. प्रथम तें शिंप्याच्या ओट्यावर दिसलें, नंतर सुखवस्तु घरांत शिरलें. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांनीं सेवासदन निघालें. तेथें प्रौढ स्त्रियांस लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामहि शिकवीत आणि परिचारिकांच्या व सुइणींच्या शिक्षणाचीहि सोय करीत. ज्या सुईस पूर्वीं हिशेब नव्हता तिच्यावर आतां एखादी निराधार विधवा स्वतःचें पोट भरूं लागली. एका छपराखालीं शिवण आणि शुश्रूषा यांचे वर्ग चालावेत ही घटना लहान नव्हे. मुलाचें अंग झांकणें आणि मुलाचा जीव राखणें हीं दोन कामें घरांत एकाच बाईकडे होतीं. पण एकाच ठिकाणीं, शिकून सवरून, वेतनाचें काम म्हणून तीं प्रथमच आलीं.

यंत्र आलें तरी कुंची बहुतेक हातानेंच शिवली जाई. यंत्राची टीप घट्ट असते, ती उसवितांना जुनें कापड फाटतें. धांवदोरा सहज निघतो. दुसऱ्या महायुद्धांत कापडाची टंचाई झाली आणि १९४३ सालीं सरकारनें सुतावर व कापडावर नियंत्रण आणलें, तेव्हां या जुन्या काटकसरीचें मोल शहरांतील सुशिक्षित घरांसहि नव्यानें कळलें. दुकानांत वार मोजून मिळत नव्हता, पण पेटींत जुनेर होतें. पुढें कापड मुबलक झालें, तयार कपडे आले, दुपट्याची जागा लोकरी शालीनें व मऊ ब्लँकेटनें घेतली आणि कुंची बारशाच्या समारंभापुरती उरली. आज ती दुकानांत तयार मिळते. तिचा बाहेरचा खण झोंकदार असतो. आंत मात्र पुष्कळदां गुळगुळीत कृत्रिम धाग्याचें नवें अस्तर असतें. ज्या भागासाठीं ती कल्पिली होती तोच भाग बदलला.

असें असलें तरी तिच्या मागचा विचार जुना होऊन गेलेला नाहीं. नवजात मुलाचें डोकें त्याच्या लांबीच्या सुमारें एकचतुर्थांश असतें आणि अंगाच्या एकूण पृष्ठभागाचा जवळजवळ पांचवा हिस्सा त्यानें व्यापलेला असतो. उघड्या डोक्यावाटें त्याची ऊब झपाट्यानें निघून जाते. कमी वजनाच्या मुलास तर हा गारठा प्राणघातक होतो. म्हणून जन्मतांच मुलास कोरडें करावें, आईच्या अंगाशीं धरावें, डोकें झांकावें, असा उपदेश आजचें वैद्यकशास्त्र करतें. डोक्यापासून पायांपर्यंत एकच आवरण घालणाऱ्या आजीनें हें प्रयोगशाळेंत ठरविलेलें नव्हतें; तिनें ठरविलें होतें तें मुलाच्या पायाच्या तळव्यास हात लावून.

या दोन ज्ञानांची गांठ महाराष्ट्रांतच पडली. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें १९९३ पासून नवजात मृत्यूंचा अभ्यास हातीं घेतला. जेथें रुग्णालय दूर आणि बाळंतपण घरींच, अशा ३९ गांवांत गांवच्याच थोड्याशा शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यांत आलें. घरोघरीं जाऊन त्या मुलाचें वजन करीत, श्वास मोजीत, तापमान पाहत. गारठलेल्या व अशक्त मुलास ऊब देण्यासाठीं त्याला शिवलेल्या उबदार पिशवींत ठेवीत. जंतुसंसर्गाचीं लक्षणें दिसलीं तर ठरवून दिलेलें औषध देत आणि सुई टोंचीत. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत या कार्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठीं घेतलेल्या ४७ गांवांशीं ताडून पाहतां तिसऱ्या वर्षीं नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलेलें आढळलें. आरोग्यदूताच्या पिशवींत उबदार वस्त्र आणि औषधाची सुई हीं दोन्ही होतीं. एकट्या वस्त्रानें हें झालें नसतें. पण औषधाच्या सुईलाहि गारठलेलें मूल एकटीनें राखतां आलें नसतें.

मराठींत शिवणाची ती सुई आणि औषध टोंचावयाची तीहि सुईच. पहिलीनें हजारों वर्षें आशा धरून ठेवली. दुसरीनें त्या आशेस आधार दिला. १९८५ सालीं सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरणाच्या कार्यक्रमांत गर्भवती स्त्रीस धनुर्वाताची लस देण्याची व्यवस्था झाली. तिच्या रक्तांतील संरक्षण पोटांतल्या मुलास मिळूं लागलें. सुइणींस स्वच्छ पातें व स्वच्छ दोरा वापरण्याचें शिक्षण मिळालें. २०१५ सालीं माता व नवजात यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. सटवाईच्या रात्रीचा तो पाहुणा दाराबाहेर थांबला. २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणें महाराष्ट्रांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागें वर्षाच्या आंत मरण पावणाऱ्यांची संख्या १६ वर आली आणि साऱ्या देशांत ती २८ होती. शतकापूर्वींच्या मुंबईचा आंकडा शेजारीं ठेवला म्हणजे या सोळांचें मोल कळतें. ज्या घरीं त्या सोळांपैकीं एक असेल, त्या घरीं मात्र तो आंकडा पुरता शंभर टक्के असतो, हेंहि विसरून चालणार नाहीं.

म्हणून बारशाच्या दिवशीं मूल कुंची घालून बाहेर येतें तेव्हां त्याच्या खणाचें कौतुक करून झाल्यावर, ती कोठें घरीं शिवलेली असेल तर, तिची कड थोडी उलटवून पाहावी. आंत कोणा आजीच्या लुगड्याचा फिकट झालेला तुकडा असेल. त्यावरचे बारीक टांके फार सरळ नसतील. माजघरांतल्या अंधुक उजेडांत ते घातलेले असतात. बाराव्या दिवसाची खात्री नसतांना कोणी तरी ते घातले होते, आणि तरीहि बंद लांब ठेवले होते, मूल मोठें झाल्यावर पुरावेत म्हणून.